विसावा आणि वाट : आयुष्याच्या वळणावरचा एकांत

आयुष्याच्या एखाद्या वळणावर काही दिवस घरापासून दूर राहून ते ठरलेल्या शिस्तीत, योगासने, ध्यान, मौन आणि विश्रांती यांत घालवणे, याला आज साधना शिबिर किंवा एकांतवास म्हणतात. नोकरीतून निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, मुलांनी शिक्षणासाठी घर सोडणे, मोठे आजारपण, शेती किंवा दुकान पुढच्या पिढीच्या हाती देणे, ही अशी वळणे आहेत. शिबिर ही अलीकडची शहरी सोय वाटते, पण तिच्यातले घटक जुने आहेत. पालखीच्या वेळापत्रकात ‘विसावा’ हा शब्द आजही छापलेला असतो. दोन मुक्कामांच्या मध्ये पालखी टेकते, वारकरी भाकरी सोडतात, पाय मोकळे करतात आणि पुन्हा चालू लागतात. तो थोडा वेळ म्हणजे विसावा. तो वाटेचाच भाग असतो.

वळणावरच्या माणसाला असा वेगळा एकांत लागतो का, हा प्रश्न निपाणी परिसरात चांगला तपासता येतो. पुणे–बंगळूर महामार्गावरचे हे गाव कर्नाटकात आहे आणि घराघरांत मराठी आहे. तंबाखूची शेती, तंबाखूचा व्यापार आणि विडीकाम यांवर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. निपाणीपासून काहीच किलोमीटरवर, बेळगावकडे जाताना घाटात स्तवनिधी हे जैन तीर्थ आहे. अक्कोळ हे संत बाळूमामांचे जन्मगाव आहे, तर भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचे गाव. पंढरीची वारी आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह इथे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. कोल्हापूरच्या बाजूला, हातकणंगले तालुक्यातील आळते येथे ‘धम्म आलय’ हे विपश्यना केंद्र आहे. जुना आणि नवा असा दोन्ही तऱ्हांचा एकांत इथल्या माणसाला हाताशी आहे.

पुढील संवादात दोन प्रातिनिधिक भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. ‘बाई’ या निवृत्त, पतीच्या निधनाचे दुःख अनुभवलेल्या शिक्षिका. वळणावरच्या माणसाने काही दिवस घर सोडून शिबिरात जावे, असे त्यांचे मत. ‘तात्या’ हे तंबाखूचे शेतकरी आणि वारकरी. माणसाचे दुःख त्याच्या माणसांतच विरते, त्यासाठी वेगळे ठिकाण लागत नाही, असे त्यांचे मत.

वळण म्हणजे काय

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली जगभरच्या समाजांतील जन्म, लग्न आणि मृत्यूच्या विधींची तुलना केली. त्यांना सगळीकडे तीन टप्पे दिसले. माणूस आधी जुन्या भूमिकेतून वेगळा होतो, मग काही काळ उंबऱ्यावर असतो आणि शेवटी नव्या भूमिकेत समाजाकडे परत येतो. मधला टप्पा सर्वांत नाजूक असतो, कारण जुनी ओळख सुटलेली असते आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नसते. बाळंतिणीचा सव्वा महिना, हळद लागल्यावर नवरीने घराबाहेर न पडणे आणि मृत्यूनंतरचे सुतक, ही मराठी घरातली उंबऱ्याचीच रूपे आहेत.

तात्या : मग बाई, आपल्याकडं ही सोय आधीपासनंच हाय की. माणूस गेला की दहा दिवस सुतक. भावकीतनं भाकरी येती, दाराला कोण ना कोण बसून असतंय. तिसऱ्याला राख सावडायची, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडाचं जेवण. तेरावा झाला की माणूस परत कामाला. शिबिरात आणि वेगळं काय असतंय?

बाई : सुतकाचे दहा दिवस मी काढलेत, तात्या. दारात नवा माणूस आला की रडणं नव्यानं सुरू व्हायचं. प्रत्येकाला तेच सांगायचं, छातीत किती वाजता दुखलं, कुठल्या दवाखान्यात नेलं. त्या दहा दिवसांत मी एकदासुद्धा एकटी बसले नव्हते. माणसांचा आधार होता, तो मी नाकारत नाही. पण माझं मला काय झालंय, हे बघायला तेव्हा जागाच नव्हती.

तात्या : त्या दिवसांत एकटं सोडलं असतं तर तुमीच म्हणाला असता, माणसं आली न्हाईत.

बाई : खरं आहे. म्हणून दोन्ही हवं. आणि निवृत्तीचं काय? शाल, नारळ, फोटो, भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी साडी नेसून तयार होते. मग लक्षात आलं, जायचं कुठं नाही. त्या दिवसासाठी आपल्याकडं कुठला विधी आहे?

या प्रश्नातून एक फरक पुढे येतो. जन्म, लग्न आणि मृत्यू या वळणांभोवती परंपरेने विधींची चौकट उभी केली. निवृत्ती, घटस्फोट, मुले परगावी गेल्यावर रिकामे झालेले घर, शेतीचा कारभार सुनेच्या-मुलाच्या हाती गेल्यानंतरचे दिवस, यांना तशी चौकट नाही. वानप्रस्थाची कल्पना आणि षष्ट्यब्दीचा विधी आहेत, पण कल्पना ग्रंथात राहिली आणि विधी एका दिवसात उरकतो. शिबिराची मागणी वाढते ती मुख्यतः या रिकाम्या जागेमुळे.

तात्यांनी आपले म्हणणे शेतातल्या उदाहरणाने मांडले. तंबाखूचे झाड वाढले की त्याचा शेंडा खुडतात आणि नंतर फुटणारे फुटवेही काढतात. त्यामुळे झाडाचा जोर फुलाकडे न जाता पानात उतरतो आणि पान जाड, भरलेले होते.

तात्या : वाढ थांबवल्याशिवाय पान भरत न्हाई, हे मला शेतानं शिकवलंय. थांबायला माझी ना न्हाई. पण शेंडा खुडला म्हणून झाड कुणी उपटून दुसरीकडं नेत न्हाई. ते त्याच सरीत ऱ्हातंय.

बाई : आणि त्या सरीत ते आलं कुठून? गादीवाफ्यावर तरवा टाकता, रोप हाताएवढं झालं की उपटता आणि शेतात लावता. लावल्यावर पहिले काही दिवस ते मान टाकतं. तेव्हा तुम्ही त्याला हलकं पाणी देता, उन्हाची काळजी घेता. माणसाला जगण्यानंच उपटलेलं असतं, तात्या. मी फक्त त्या पहिल्या काही दिवसांच्या पाण्याबद्दल बोलतेय.

सीमाभागातली जुनी रूपे

निपाणीच्या आसपासची परंपरा पाहिली तर रोजच्या जगण्यापासून दूर जाण्याचे तीन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात माणूस कायमचा घर सोडतो, दुसऱ्यात ठरावीक मुदतीसाठी बाजूला होतो, तर तिसऱ्यात गावात राहूनच रोजचा क्रम बदलतो.

पहिल्या प्रकाराचे मोठे उदाहरण आचार्य शांतिसागर महाराजांचे आहे. त्यांचा जन्म १८७२ साली येळगूळ येथे आजोळी झाला. पूर्वाश्रमीचे नाव सातगोंडा पाटील आणि गाव भोज. वैराग्याची ओढ लहानपणापासून असूनही आईवडिलांच्या हयातीत त्यांनी घर सोडले नाही. आईवडिलांच्या निधनानंतरच दीक्षा घेतली. १९२० साली यरनाळ येथे ते दिगंबर मुनी झाले, १९२४ साली समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले आणि १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून, त्यांनी देह ठेवला. हे संपूर्ण संन्यासाचे उदाहरण आहे, आणि तरीही त्यात आधी घरची जबाबदारी पुरी करण्याचा क्रम आहे.

बाळूमामांचे उदाहरण निराळे आहे. १८९२ साली अक्कोळच्या धनगर घरात ते जन्मले आणि १९६६ साली आदमापूर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी मेंढरे सोडली नाहीत. कळपाबरोबर फिरणे हीच त्यांची साधना होती. त्यांच्या मेंढरांचे बग्गे, म्हणजे कळप, आजही सीमाभागात रानोरान फिरतात आणि घरचा व्याप थोडा बाजूला ठेवून आलेले भक्त त्यांच्यामागे काही दिवस सेवा करतात. चालणे, उघड्यावर झोपणे, मेंढरे राखणे आणि रात्री आरती, असा तो दिवसक्रम असतो.

मुदतीच्या एकांताचे सर्वांत नेटके रूप जैन समाजाच्या दशलक्षण पर्वात दिसते. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दहा दिवस एकभुक्त राहणे किंवा उपवास, पूजा, स्वाध्याय, आणि क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्मांपैकी रोज एकाचे चिंतन असा हा क्रम असतो. पर्व संपल्यावर क्षमावाणी येते. घरोघरी जाऊन, वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या माणसांची क्षमा मागायची असते. दहा दिवस आत वळलेला माणूस शेवटी थेट शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो. स्तवनिधीचा इतिहासही याच दिशेने जातो. त्या शांत तीर्थावर १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली आणि पुढे तिने वसतिगृहे व शिक्षण यांसाठी काम केले.

गावात राहूनच क्रम बदलणारा तिसरा प्रकार म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह.

तात्या : आमच्या सप्ताहात या एकदा, म्हणजे तुमच्या शिबिराचं वेळापत्रक तिथं सापडंल. पहाटं काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. सात दिवस. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. एक रुपाया फी न्हाई. आणि वीणा कधी खाली ठेवत न्हाईत. दोन-दोन तासांचा पहारा असतोय. माझा पहारा संपला की पुढचा विणेकरी समोर येऊन उभा ऱ्हातोय. मी वीणा गळ्यातनं काढतो, त्याच्या गळ्यात घालतो, एकमेकांच्या पाया पडतो. तार तेवढ्यातसुद्धा थांबत न्हाई.

बाई : हे मी पाहिलंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण तुमच्या सप्ताहात बायका कुठं असतात? महाप्रसादाच्या चुलीपाशी. सात दिवस पोळ्या लाटणारीला पारायण किती मिळतं?

तात्या : हे मात्र खरं हाय.

या ठिकाणी तात्यांच्या भूमिकेची एक मर्यादा उघड होते. सामूहिक परंपरेत आधार असतो, पण त्यातली कामे सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. वारीने ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली. तुळस डोक्यावर घेऊन चालणारी बाई त्या काळापुरती सून किंवा सासू नसते, माउली असते. शिबिराचे बळही याच गोष्टीत आहे: तिथे जेवण दुसरे कोणी तरी बनवते.

शरीरापासून सुरुवात

वळणावरचा ताण आधी शरीरात उतरतो. झोप तुटते, भूक मंदावते, खांदे आवळले जातात, श्वास वरवर चालतो. योगशिबिर मनाला समजावण्याआधी शरीराला विसावा देते तो यासाठी.

आधुनिक काळात योगाला अभ्यासाची शिस्त देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. बी. के. एस. अय्यंगार यांच्या कथेत तर बेळगावचाच दुवा आहे. लहानपणी क्षयासह अनेक आजारांनी ग्रासलेला हा मुलगा म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे योग शिकला. १९३६ साली गुरूंच्या गटाबरोबर कर्नाटकात प्रात्यक्षिके करत फिरताना बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या नजरेला तो पडला. गोखले पुढे निवृत्त होऊन पुण्यात आले, त्यांच्या पुढाकाराने १९३७ साली अय्यंगारांना सहा महिन्यांसाठी पुण्यात शिकवायला बोलावले गेले, आणि पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. अशक्त, वयस्क आणि आजारी माणसालाही आसन करता यावे म्हणून त्यांनी लोड, पट्टा, दोर, खुर्ची आणि भिंत यांचा आधार घेण्याची पद्धत विकसित केली. आजच्या विश्रांतीप्रधान योगाचा पाया बराचसा तिथे आहे.

निपाणीत या पद्धतीची गरज कुठे आहे, हे विडी वळणाऱ्या बाईकडे पाहिले की कळते. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने आणि तंबाखूचा चुरा. साचा ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मान खाली, पाठ वाकलेली, बोटे अखंड चालू. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे मान वर करायचा क्षणही हिशेबात धरावा लागतो. तीस-चाळीस वर्षे असे बसल्यावर ही बाई काम थांबवते, तेव्हा तिच्या पाठीलाही नवे वळण शिकावे लागते.

तात्या : तिला तुमी योग सांगणार? दिवसभर जमिनीवरच बसलेली असती ती.

बाई : बसलेली असते, पण विसावलेली नसते. तिला डोक्यावर उभं करायचं नाही. पाठीखाली लांबट उशी द्यायची, म्हणजे छाती उघडते. भिंतीला लागून निजायचं, पाय भिंतीवर टेकवायचे, डोळ्यांवर पदर. पाच-दहा मिनिटं. मग कुशीवर वळून सावकाश उठायचं. ज्या बाईनं चाळीस वर्षं काम सोडून हात मोकळे ठेवले नाहीत, तिला पहिल्या दिवशी हे अवघड जातं. हात मोकळे सोडले की ती घाबरते.

तात्या : घाबरती?

बाई : हो. कारण हात थांबले की विचार सुरू होतात.

शवासन किंवा लांब उच्छ्वासाचा प्राणायाम गुण देतो, त्यामागे शरीराची साधी यंत्रणा आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. उच्छ्वास सावकाश आणि लांब केला की शांतवणाऱ्या मज्जासंस्थेचे काम वाढते, स्नायू सैल पडतात, पचन सुधारते. पतंजलींनी आसनाचे वर्णन करताना स्थैर्य आणि सुख या दोन गोष्टींवर भर दिला, त्यालाही हा अनुभव जुळतो. मात्र सैल झालेल्या शरीरात दाबून ठेवलेले दुःख वर येऊ शकते. म्हणून शिकवणारा जाणकार असावा लागतो आणि त्याने घाई करता कामा नये.

मौनाचे दहा दिवस

सगळी शिबिरे आरामाची नसतात. विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर हे त्याचे ठळक उदाहरण. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडाले येथे झाला. व्यापारात असताना अर्धशिशीच्या तीव्र त्रासामुळे ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकू लागले. १९६९ साली त्यांनी भारतात पहिले शिबिर मुंबईत घेतले आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे सुरू झाली. आळत्याचे धम्म आलय याच परंपरेतले आहे.

पहाटे चारला घंटा होते. साडेचारला पहिली बैठक, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळे, त्यानंतर जेवण नाही. रात्री प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात ध्यानाचे दहा तासांहून अधिक होतात. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे, चौथ्या दिवशी शरीरभरच्या संवेदना समतेने पाहण्याची विद्या दिली जाते. बोलणे, खुणा, फोन, वाचन, लिहिणे बंद. पुरुष आणि स्त्रिया वेगळे राहतात. जप, पूजा आणि योगासनेही त्या काळापुरती बाजूला ठेवायची असतात. दहाव्या दिवशी मौन सुटते आणि मंगल मैत्री शिकवली जाते: स्वतःला मिळालेली शांती इतरांना वाटण्याची भावना. निवास, भोजन आणि शिकवणीचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच ऐच्छिक दान स्वीकारतात.

तात्या : नामसुद्धा घ्यायचं न्हाई? गळ्यातली माळ काढायला सांगत असतील तर मी पायरी चढणार न्हाई.

बाई : श्रद्धा सोडा असं कुणी सांगत नाही. दहा दिवस एकच पद्धत नीट करून बघा, एवढंच मागणं असतं. पण तुमचं मन त्याला तयार नसेल तर तुम्ही जाऊच नये. अर्ध्या मनानं जाणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार जड जातं.

तात्या : आणि तुमाला काय मिळालं? खरं सांगा.

बाई : पहिले दोन दिवस मी मनात वर्ग घेत होते. हजेरी, फळा, परीक्षा. पाचव्या-सहाव्या दिवशी रडू आलं. सुतकात आलं होतं तसं नाही. कुणाला काही सांगायचं नव्हतं, म्हणून ते आलं आणि गेलं. परत आल्यावर दुःख गेलेलं नव्हतं. पण सकाळचे साडेनऊ वाजले की जो गोळा यायचा, तो बघता यायला लागला.

बाईंच्या या उत्तरात शिबिराकडून काय अपेक्षा ठेवावी याचे माप आहे. शिबिर माणसाला नवी नोकरी देत नाही, गेलेले माणूस परत आणत नाही, भावकीतला वाद मिटवत नाही. आतल्या घडामोडीकडे न पळता पाहण्याची सवय ते लावू शकते.

कोणाला परवडते, कोणाला नाही

तात्यांचा सर्वांत बळकट आक्षेप वेळेचा आणि पैशाचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा डोंगरातल्या रिसॉर्टमध्ये चालणारी विश्रांती शिबिरे मध्यमवर्गालाही महाग पडतात. विपश्यना किंवा सप्ताह विनामूल्य असला, तरी दहा दिवसांची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. तंबाखूची खुडणी सुरू असताना शेतकऱ्याला, बाळंतीण घरात असताना आजीला, पगारी रजा नसलेल्या दुकानातल्या पोराला दहा दिवस निघता येत नाही.

तात्या : ज्याला वळण सगळ्यात जास्त जड जातंय, त्यालाच तुमचं शिबिर घडत न्हाई. विधवा झालेल्या विडीवाल्या बाईला दुसऱ्या आठवड्यात सूप मांडीवर घ्यावंच लागतंय.

बाई : म्हणून शिबिर लहान करावं लागेल, गावाजवळ आणावं लागेल. दहा दिवस नाही जमत, तर एक दिवस. एक दिवस नाही, तर सकाळचे दोन तास. समाजमंदिर, शाळेची खोली, मंदिराचा सभामंडप. चटई घरची, डबा घरचा.

तात्या : आणि घरची कामं?

बाई : ती दुसऱ्या कुणी तरी करायची. शेजारणीनं दोन तास म्हातारीजवळ बसायचं, पुढच्या आठवड्यात उलट. तुमच्या वीणेच्या पहाऱ्यासारखं.

सीमाभागात हे घडवता येण्याजोगे आहे. दशलक्षणात स्वाध्यायाला बसणाऱ्या बायका, एकादशीचे भजनी मंडळ, बचत गटाची बैठक, अशी नियमित जमण्याची ठिकाणे आहेतच. त्यांत अर्धा तास सावकाश आसने, थोडा वेळ मौन आणि पाळीपाळीने बोलणे एवढे मिळवले, तरी खर्चाशिवाय स्थानिक विसावा उभा राहतो.

धोके आणि मर्यादा

एकांत सर्वांना आणि सर्व वेळी मानवत नाही. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, भास होणे, व्यसन नुकतेच सुटलेले असणे, अशा अवस्थेत दीर्घ मौन त्रास वाढवू शकते. विपश्यना केंद्रेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना दहा दिवसांच्या शिबिराला न येण्याचा सल्ला देतात. अर्जात आजार आणि औषधे खरी लिहावीत, चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जावे. या भागातल्या रुग्णांसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठी, कन्नडसह अनेक भाषांत बोलता येते.

ठिकाण निवडतानाही काही गोष्टी पाहाव्यात. दिवसक्रम आणि नियम आधी स्पष्ट सांगितले जातात का, मध्येच निघण्याची मोकळीक आहे का, पैशांचा हिशेब उघड आहे का, स्त्रियांच्या निवासाची वेगळी आणि सुरक्षित सोय आहे का, एका व्यक्तीवर आंधळा विश्वास मागितला जातो का, औषधे सोडायला सांगतात का. आजार बरा करण्याची हमी देणाऱ्या, किंवा घरच्यांशी संबंध तोडायला सांगणाऱ्या ठिकाणापासून दूर राहावे.

बाई : इथं मी तुमच्या बाजूची आहे, तात्या. माणूस घरातून पळण्यासाठी शिबिरात गेला, तर शिबिर त्याला आणखी पळायला शिकवतं.

तात्या : आणि मीबी तुमच्याकडं थोडा सरकतो. आमच्यात काही माणसं सप्ताहात टाळ वाजवून वाजवून दुःख दाबून ठेवत्यात. आठव्या दिवशी काला झाला, मांडव उतरला की ती परत मोडत्यात. त्यांना गप बसायला कुणी शिकवलेलंच नसतंय.

परतणे

दोन्ही भूमिका शेवटी एकाच कसोटीवर येतात: माणूस परत कसा येतो. गुरुदेव रा. द. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत असतानाही सुट्टीत निंबाळच्या एकांतात येत आणि पुन्हा कामाला जात. त्यांच्या आयुष्यात अध्यापन आणि ध्यान दोन्ही सोबत चालले. दशलक्षणानंतरची क्षमावाणी, विपश्यनेचा दहावा दिवस, सप्ताहाचा काला आणि पंढरपुराहून घरी आलेल्या वारकऱ्याच्या पाया पडण्याची रीत, या सगळ्यांत परतण्यालाही विधीचे स्थान आहे. व्हान गेनेप यांच्या तिसऱ्या टप्प्याचा अर्थही तोच.

परतल्यावरचे पहिले काही दिवस जपावे लागतात. एकदम सगळी कामे अंगावर घेऊ नयेत. घरच्यांना अनुभव सांगावा, पण त्यांनीही तसेच वागावे असा आग्रह धरू नये. शिबिरातल्या दहा तासांऐवजी घरी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, ठरलेल्या जागी बसावे. थोडी आसने, लांब उच्छ्वास आणि काही मिनिटे शांतता पुरेशी होते. वळणावर ज्या कामाची जागा रिकामी झाली, तिथे हळूहळू नवे काम यावे. निवृत्त शिक्षिकेने चार मुलांचा अभ्यास घेणे, शेती मुलाकडे दिलेल्या शेतकऱ्याने तरव्याची राखण करणे, विडीकाम थांबवलेल्या बाईने शेजारच्या पोरींना शिवण शिकवणे, अशी ती कामे असतात. ती पूर्वीइतकी मोठी नसतात, पण सकाळी उठायला कारण देतात.

तात्या : मुलानं शेत हातात घेतलं तेव्हा मी रोज बांधावर जाऊन त्याच्या चुका काढत होतो. शिबिर न्हाई केलं मी. पण त्या वर्षी वारी चालून आलो आणि तवापासनं बांधावर न बोलता बसायला शिकलो. तुमी म्हणता तो विसावा हाच असंल तर मला मान्य हाय.

बाई : हाच. आणि मला दहा दिवस घर सोडावं लागलं, तुम्हाला वीस दिवस चालावं लागलं. घरात बसून दोघांनाही ते सुचलं नसतं, एवढं तरी मान्य करा.

तात्या : केलं. आता पुढच्या सप्ताहात या. पहाटंच्या पहाऱ्याला माणूस कमी पडतोय.

बाई : वीणा बायकांच्या गळ्यात द्याल?

तात्या : मंडळात मी बोलतो. पोळ्या लाटायला त्या दोन तासांत पुरुष बसतील, तेबी बोलतो.